कुंड्या जड आहेत असे मालकांनी सांगितले

"सर्वेवाल्या बाई आल्या की खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि तोंडाला कुलूप घालायचं. विचारलं तेवढंच बोला. घराचा सगळ्यात मोठा दोष कुठला, सांगू मास्तर? मालकाचं तोंड. भिंत कधी आपणहून बोलत नसते."

दलालाने फोनवर हे सांगून दोन दिवस झाले होते, तरी त्याचा आवाज मास्तरांच्या कानात शाळेच्या घंटेसारखा घुमत होता. मास्तरांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं होतं, पण त्यांचं नाव झालं ते परीक्षेच्या पहाऱ्यामुळे. कुणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे नि कुणाच्या मनगटावर सूत्र लिहिलंय हे त्यांना मागच्या दारातून कळायचं. त्यांची एक खूण होती. ज्याच्याकडे चिठ्ठी असते त्याचे कान तापतात. आज सकाळी दाढी करताना त्यांनी आरशात पाहिलं, तर दोन्ही कान भाजलेल्या विटेसारखे.

घर विकायचं ते हौसेने नव्हे. मोठी बहीण, ताई, त्यांच्याबरोबर राहायची. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. एकमेकांना सांभाळण्यातच दोघांचा जन्म गेला, असं दोघंही वेगवेगळ्या लोकांना सांगायची. ताईचे गुडघे गेले होते आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर. रोज सकाळी ताई जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसायची आणि बसल्या बसल्या, हातांच्या जोरावर, एकेक पायरी मागे चढायची. पायऱ्या चौदा. प्रत्येक पायरीला देवाचं एक नाव. मास्तर दोन पायऱ्या खाली, हात पसरून उभे. अलीकडे ती नवव्या नावाला थांबायची, नि पुढचं नाव यायला बराच वेळ लागायचा.

वाचनालयाच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. पायरी नाही, उंबरासुद्धा नाही. तो मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे नाही. आणि इथलं घर घ्यायला इस्पितळातल्या एक नर्सबाई उभ्या होत्या. त्यांची एकच अट होती. "माझ्या मुलीला दम लागतो. ओल तेवढी नीट तपासून घेते." म्हणून हा सर्वे. तो सरळ पार पडला तर ताईचा जिना सुटला. नाहीतर उद्या पुन्हा चौदा नावं.

सर्वेवाल्या बाई दुपारी बरोबर एकला आल्या. किरकोळ बांधा, आवाज इतका हलका की पुढे वाकून ऐकावं लागे. पिशवीत विजेरी, काठीला बांधलेला छोटा आरसा, लाकडात टोचून बघायची एक आर आणि हातात मावणारं यंत्र, त्याला पुढे दोन सुया. पण यातलं काहीच त्यांनी बाहेर काढलं नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि नुसता श्वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा.

"सर्दी झालीय का?" मास्तरांनी विचारलं. कुलूप पहिल्या मिनिटालाच निखळलं.

"नाही. घराचा वास घेते आधी. यंत्राच्या आधी नाक."

"आमच्याकडे वास नाही," मास्तर म्हणाले.

"मी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

वरच्या मजल्यापासून सुरुवात झाली. माळ्याखालच्या जाड तुळईला मोहरीएवढी भोकं होती, शेकड्याने. बाईंनी विजेरी धरली, भोकांवर बोट फिरवलं. मग खाली पाहिलं. तुळईच्या बरोबर खाली फरशीवर पांढऱ्या पावडरीचा थर.

"घुण नाही तो," मास्तर म्हणाले.

"घुणच आहे. पण मेलेला. भोकांच्या कडा काळ्या पडल्यात, आत जाळी लागलीत. जिवंत असता तर ताजा पिवळा भुसा पडला असता." त्या उकिडव्या बसल्या. "पडलंय ते पांढरं आहे. हे काय आहे ते मात्र कळत नाही."

बाईंनी चिमूट उचलली, हुंगली, बोटांत चोळली. मग हळूच तुळईच्या मागच्या बाजूला आरसा धरला. तिथे खिळ्याला लटकवलेला फळा होता आणि त्यावर एक अर्धवट सोडवलेलं गणित. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मास्तर रोज दुपारी इथे येऊन रिकाम्या खोलीला त्रैराशिक शिकवत. हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

"खडू," बाई म्हणाल्या.

"सवय राहिली आहे," मास्तर म्हणाले. कान आणखी तापले.

"तिसऱ्या ओळीत एक शून्य राहिलंय," बाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

खाली स्वयंपाकघरात ताई खुर्ची टाकून बसली होती. खुर्ची अगदी भिंतीला चिकटवलेली, आणि ताई खुर्चीला. बाईंनी तीन भिंतींना सुया टोचल्या. यंत्र गप्प. चौथी भिंत ताईच्या मागे.

"ताई, जरा उठता का?"

"गुडघे," ताई म्हणाली.

"मी खुर्चीसकट सरकवते."

"मी हलकी नाही."

"मी पण दिसते तेवढी हलकी नाही," असं म्हणत त्या किरकोळ बाईंनी खुर्ची ताईसकट अशी बाजूला केली की ताईच्या हातातल्या माळेचा मणीसुद्धा सरकला नाही. मागच्या भिंतीवर परातीएवढा डाग. रंगाला पोपडे आलेले, खालून पांढरं पीठ फुटलेलं. बाईंनी सुया टेकवल्या आणि यंत्र असं किंचाळलं की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

मास्तरांनी डोळे मिटले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांना वाचनालयाच्या मागून पाठ फिरवून जाताना दिसल्या.

"लोणा लागलाय, खार फुटलाय भिंतीला," बाई म्हणाल्या. त्यांनी पांढरं पीठ नखाने खरवडलं आणि मास्तर बघत असताना जिभेच्या टोकाला लावलं. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग ताईकडे वळून विचारलं, "भिंतीला कुणी मीठ लावतं का?"

आता ताईची एक गोष्ट सांगायला हवी. ताईचं व्रत होतं, खोटं बोलायचं नाही. चाळीस वर्षं तिने ते पाळलं होतं, आणि ते जमलं ते तिच्या दुसऱ्या नियमामुळे. विचारल्याशिवाय खरंही बोलायचं नाही.

"मी लावते," ताई म्हणाली. "रोज मूठभर. मीठ ओल ओढून घेतं म्हणून."

"ओढून घेतं खरं. पण बाहेरच्या हवेतली. वरची पन्हळ कधी गळत होती?"

"चार वर्षांपूर्वी. लगेच नीट केली," मास्तर म्हणाले.

"मग भिंत त्याच उन्हाळ्यात वाळली असणार. त्यानंतर तुम्ही तिला रोज पाणी पाजताय, ताई. हे यंत्रही पाणी मोजत नाही, वीज किती सहज पळते ते मोजतं. मिठातून ती उड्या मारत जाते, म्हणून एवढा आरडाओरडा." त्यांनी डागाच्या कडेला, नंतर त्याच्याही पलीकडे सुया टोचल्या. यंत्र गप्प. "कमरेइतका गिलावा काढून नवा करायचा. भिंतीला काही झालेलं नाही. तिला तुमचा उपाय झालाय."

मास्तर मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकले होते. "ताई. मीठ दर आठवड्याला संपायचं ते यामुळे?"

"हो."

"मी डॉक्टरांना सांगितलं की तू जेवणात मीठ फार खातेस."

"हो, सांगितलंस."

"त्यांनी तुझं मीठ बंद केलं."

"हो."

"दोन वर्षं तू अळणी जेवलीस, आणि बोलली नाहीस?"

"भिंतीचं सांगावं लागलं असतं," ताई म्हणाली. "तू विचारलं नाहीस."

सर्वेवाल्या बाई खाली मान घालून लिहीत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

मास्तरांना क्षणभर वाटलं, पास झालो. तेवढ्यात बाई बैठकीच्या खोलीत गेल्या. तिथली जमीन लाकडी फळ्यांची, वर गालिचा. त्या मधोमध उभ्या राहिल्या, टाचा उचलल्या आणि धप्पकन टेकल्या. खिडकीतल्या तबकातले पेले किणकिणले. रस्त्याकडच्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा तसंच केलं. आता पेल्यांना स्थिर व्हायला जरा जास्त वेळ लागला.

"गालिचा?"

"खिळवलेला आहे," मास्तर म्हणाले. ते खरं होतं.

"मग मी तो काढू शकत नाही. नियम आहे." त्या कोपऱ्यात वाकल्या आणि पुन्हा नुसता श्वास घेतला. मास्तरांनी स्वतःचा रोखून धरला.

बाई बाहेर गेल्या. घराच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला, जोत्याला टेकवून, फुलझाडांच्या कुंड्या होत्या. पुढे तीन, मागे तीन. प्रत्येक दोन कुंड्यांमधलं अंतर अगदी एकसारखं, गणिताच्या माणसाने मांडावं तसं. बाई पुढच्या तीन मोजून मागे गेल्या, मागच्या तीन मोजून पुढे आल्या.

"अशा घरांत," त्या कुणाशीच न बोलल्यासारखं म्हणाल्या, "फळ्यांच्या खाली हातभर पोकळी असते. जोत्यात जाळ्या ठेवतात, वारा आरपार जावा म्हणून. वारा थांबला की तुळया आधी घामेजतात. मग टोकं मऊ पडतात. मग बुरशी. तीच हवा फळ्यांच्या फटींतून वर येते, नि माणसाच्या छातीत जाते. लवकर कळलं तर दोनचार टोकं बदलून भागतं. उशिरा कळलं तर सगळी जमीन." त्या थांबल्या. "या कुंड्या जरा सरकवता येतील का?"

मास्तरांच्या कानांत घंटा वाजली. विचारलं तेवढंच बोला.

"जड आहेत," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "कुंड्या जड आहेत असे मालकांनी सांगितले. जोत्याच्या जाळ्या तपासता आल्या नाहीत." वही मिटली. "अहवाल उद्या सकाळी नर्सबाईंना मिळेल. चहा छान होता."

चहा द्यायचा राहूनच गेला होता. पण हे मास्तरांच्या लक्षात आलं ते बाई कोपऱ्यावरून वळल्यावर.

ते वाक्य त्यांना चांगलंच ओळखीचं होतं. हेच ते स्वतः पस्तीस वर्षं लिहीत आले होते. 'खिशात रुमाल आहे असे विद्यार्थ्याने सांगितले.' मुलाला वाटायचं, सुटलो. आणि मास्तरांना तर रुमालाची घडीसुद्धा दिसलेली असायची.

आत आले तर ताई वाट बघत होती.

"बाळ्या," ती म्हणाली. मास्तर सदुसष्ट वर्षांचे होते. पण ताईने बाळ्या म्हटलं की सात वर्षांचे व्हायचे. "कुंड्या जड कधीपासून झाल्या? परवा तर एका हाताने उचलून खालचं झाडत होतास."

खाई त्याला खवखवे. मास्तर खुर्चीत बसले.

"थंडीत फळ्यांतून वारा यायचा," ते म्हणाले. "तुझ्या गुडघ्यांना लागायचा. तू बोलत नव्हतीस, पण शाल पायांवरून काढत नव्हतीस. म्हणून मी एक जाळी बुजवली. मग पुढच्या थंडीत दुसरी. अशा सहा."

"कशाने बुजवल्या?"

मास्तर जमिनीकडे पाहू लागले. पस्तीस वर्षांत ज्या ज्या मुलाला त्यांनी उभं केलं होतं, त्या सगळ्यांची त्यांना एकदम दया आली.

"स्वेटरांनी."

ताई दर वर्षी त्यांना एक स्वेटर विणायची. लोकर जाडी, टाका घट्ट, आणि अंगाला असं टोचायचं की मास्तरांना एका जागी बसवत नसे. दर थंडीत ते सांगायचे की स्वेटर एका गरिबाला दिला, त्याला फार थंडी वाजत होती. ताईला भरून यायचं, आणि ती पुढचा स्वेटर आणखी जाड विणायची.

"सहा गरीब," ताई म्हणाली.

"हो."

"मी त्या सहाही जणांसाठी रोज देवाला नमस्कार घालते, बाळ्या. एकाला तर मी मनाने नावसुद्धा दिलं होतं." तिने माळेचा एक मणी ओढला. "थंडीत त्याचं कसं होत असेल म्हणून मागच्या वर्षी त्याला टोपी विणली."

"ती पण जाळीत आहे," मास्तर म्हणाले. आता लपवण्यात अर्थच नव्हता. "फट राहिली होती."

ताईचं तोंड वाकडं झालं. मास्तरांना वाटलं रडते. पण ती हसत होती, आवाज न करता, पोट धरून. गुडघ्यांना धक्का बसला म्हणून मध्येच "आई गं" म्हणत पुन्हा हसत होती. "दोघांनी मिळून घराला औषध पाजलं रे," ती म्हणाली. "मी वरून, तू खालून." मग तिने डोळे पुसले आणि एकदम सरळ बसली. "गालिचा काढ."

"ताई, त्या बाईंचा सर्वे झाला. 'तपासता आले नाही' एवढंच लिहिलंय त्यांनी."

"त्यांचा झाला. आपला नाही. काढ."

मास्तरांनी कोपऱ्यातले खिळे उपटले, गालिचा दुमडला, एक फळी पहारीने उचलली. खालून थंड, कोंदट हवा वर आली, जुन्या अळंब्यांच्या टोपलीसारखी. आर त्यांच्याकडे नव्हती. ताईने विणायची जाडी सुई पुढे केली. मास्तर पालथे पडले नि सुई तुळईच्या टोकाला टोचली. उकडलेल्या बटाट्यात जावी तशी ती आत गेली. अर्धी.

दुसऱ्या तुळईचं टोकही तसंच. तिसऱ्यात बोटभर गेली आणि अडली. चौथ्याला टक्क असा आवाज आला, लाकूड खणखणीत. मास्तर सरपटत पुढे गेले, तिथली एक फळी उचलली, पुन्हा टोचलं. टक्क. टक्क. ताई खुर्चीतून मोजत होती, आणि सवयीने प्रत्येक टक्कला देवाचं एक नाव घेत होती.

"दोन गेली, एक काठावर," मास्तर उठून बसले. नाकाला जळमट लागलेलं. "सगळ्यात आधी बुजवलेल्या जाळीजवळची आहेत ही."

"म्हणजे उशीर झालेला नाही."

"झालेला नाही. पण कळलं तर नर्सबाई मागे फिरतील. निदान वेळ मागतील. महिना संपायला नऊ दिवस राहिलेत."

तेवढ्यात फोन वाजला. दलाल. आवाज गूळ खाल्ल्यासारखा. "मास्तर, अभिनंदन. सर्वेवाल्या बाईंशी बोललो मी. भिंतीचं किरकोळ, लाकडाचं जुनं, आणि खालचं तपासता आलं नाही. तपासता आलं नाही म्हणजे दोष नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता सही होईपर्यंत तोंडातून वाफ काढू नका."

मास्तरांनी फोन ठेवला. ताईने सगळं ऐकलं होतं. दलालाचा आवाज भिंतीपलीकडेही पोचायचा.

तिने फक्त उचललेल्या फळीच्या भोकाकडे पाहिलं, आणि मग जिन्याकडे. मास्तरांनीही जिन्याकडे पाहिलं. नववी पायरी मधोमध झिजलेली होती.

"तू काही विचारत का नाहीस?" ते शेवटी म्हणाले.

"मी विचारलं तर तू माझ्यासाठी सांगशील. त्यापेक्षा नको."

"ती मुलगी सात वर्षांची आहे," मास्तर म्हणाले. "परवा घर बघायला आली तेव्हा याच कोपऱ्यात बसून चित्र काढत होती."

"हो. मला दाखवलं तिने. घोडा होता. मला गाय वाटली, तर रागावली."

"खोल्या जातील, ताई."

"जातील, किंवा जाणार नाहीत. तळमजले काय जगात एकाच ठिकाणी बांधलेत?" ताईने माळ मांडीवर ठेवली. "आणि मला अजून चौदा नावं येतात."

"दहाव्याला तुला घाम फुटतो."

"फुटू दे. देवाला काय घाम दिसत नाही?"

मास्तर भोकाच्या कडेवरून उठले. मग त्यांनी हातपाय झटकले. "अहवाल उद्या मिळणार. त्याच्या आधी मी नर्सबाईंना सांगतो. फोनवर नाही, समोर जाऊन. स्वेटरांसकट. आणि टोकं मी बदलून देतो म्हणून सांगतो, सही होवो न होवो. शब्द देतो तुला."

"मला कशाला देतोस? पण घेते." ताईने डोळे मिटले. "पाचला त्यांची पाळी सुटते. आता साडेचार झालेत."

तिला लगेच झोप लागली, किंवा तिने तसं दाखवलं. ताई झोपेचंही सोंग करत नसे, असं मास्तर आजवर समजत होते. त्यांनी उघड्या भोकावर दोन फळ्या आडव्या टाकल्या, ताईचा पाय जाऊ नये म्हणून. तोंड धुतलं. शर्टाचं वरचं बटण लावलं. दार ओढून घेताना कडीचा आवाज होऊ दिला नाही, आणि इस्पितळाच्या दिशेने, रस्त्याच्या कडेकडेने, ते चालू लागले.